पहिल्या पानाची हमी

‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत,’ असे माझी आजी म्हणत असे. जाहिरातीचे महत्त्व सांगायला वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे वाक्य पुरे. परंतु आजचा ग्राहक बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी हातातल्या मोबाईलला विचारतो आणि तेथे दुकानदाराच्या वतीने बोलते ते त्याचे संकेतस्थळ. ते कसे बोलते आणि कोणाला ऐकू जाते, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या सियागंजात थोडेफार कळले. तेच वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सियागंज ही इंदूरच्या रेल्वे स्टेशनाजवळची किराणा मालाची घाऊक पेठ. आपल्या बेळगावची रविवार पेठ पाहिलेल्याला तेथे परके वाटत नाही. तेच हमाल, त्याच हातगाड्या, मिरचीचा तोच ठसका. तेथे माझ्या मामांचे मसाल्याचे आणि खोबऱ्याचे लहानसे दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केले. अलीकडे जुनी गिऱ्हाइके कमी होऊ लागली. खेड्यापाड्यांतील दुकानदारांची मुले मोबाईलवर चौकशी करून माल मागवतात, तेव्हा आपणही तेथे असावे असे मामांना वाटले. एका मंडळीने अठरा हजार रुपयांत संकेतस्थळ आणि ‘गूगलच्या पहिल्या पानाची हमी’ देऊ केली. मामांनी मला फोन केला. “अगं, तू कॉमर्स शिकतेस. देऊ का पैसे?” मी ऐटीत म्हणाले, “द्या मामा!” मला त्यातले काहीएक कळत नव्हते.

मे महिन्यात मी इंदूरला गेले, तेव्हा मामांनी कौतुकाने दुकानाचे पूर्ण नाव टाइप करून दाखवले. खरेच, पहिल्या पानावर पहिलेच! मग मी सहज ‘खोपरा गोला होलसेल इंदौर’ असे टाइप केले. पाच पाने उलटली, पण मामांचा पत्ता नाही. ज्याला दुकानाचे नाव ठाऊक आहे त्याला वाटही ठाऊक असते. ज्याला ठाऊक नाही त्याला आम्ही दिसतच नव्हतो. हमी शब्दशः पाळली गेली होती आणि तिचा उपयोग शून्य होता. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हा विषय वाचायला घेतला.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचा यांत्रिक फिरस्ता एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्या पानावर जात राहतो. दुसऱ्या टप्प्यात, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार होते. कोणी प्रश्न विचारला की तिसऱ्या टप्प्यात सूचीतील पानांची क्रमवारी लावली जाते. आपण शोधतो तेव्हा यंत्र जगभर धावत नाही, आधीच केलेली सूची चाळते. म्हणून जे सूचीत नाही ते बाजारातच नाही.

क्रमवारी कशी लागते, हे मला पुस्तकापेक्षा मामांच्या गादीवर अधिक उमगले. सियागंजात नव्या माणसाला उधारीवर माल देण्यापूर्वी विचारतात, “तुम्हाला कोण ओळखतो?” नुसते नाव सांगून भागत नाही. ओळख देणाऱ्याची स्वतःची पत किती, हे पाहिले जाते. शिवाय जो ऊठसूट शंभर जणांना जामीन राहतो, त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली, तेव्हाची त्यांची ‘पेजरँक’ ही कल्पना नेमकी हीच होती. दुसऱ्या पानाने दिलेला दुवा म्हणजे ओळख. देणाऱ्या पानाची पत जितकी मोठी तितके तिचे मोल अधिक, आणि त्याने जितके दुवे वाटले तितके ते विभागले जाणार. आज क्रमवारीसाठी इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, तरी मूळ तत्त्व टिकून आहे.

जेथे पत आहे तेथे खोटी पत विकणारेही आलेच. मामांचे संकेतस्थळ तपासताना पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत ‘हळद, जिरे, खोपरा’ हे शब्द शेकडो वेळा लिहिलेले आढळले. माणसाला दिसू नयेत, यंत्राला दिसावेत, हा डाव. शिवाय ज्यांचा किराण्याशी सुतराम संबंध नाही अशा ठिकाणांहून दुवे विकत घेतलेले. या युक्त्या जुन्या झाल्या. निकृष्ट मजकुराला आळा घालण्यासाठी गूगलने २०११ साली ‘पांडा’ आणि बनावट दुव्यांसाठी २०१२ साली ‘पेंग्विन’ हे बदल आणले. लपवलेले शब्द आणि विकतचे दुवे तिच्या नियमांत बसत नाहीत, अशी पाने खाली ढकलली जातात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे. ते फुकट वाचता येते. मी ते ‘द्या’ म्हणण्यापूर्वी वाचायला हवे होते.

मग आम्ही काय केले? लपवलेले शब्द काढले. प्रत्येक पानाचे शीर्षक ‘होम’ होते, तेथे मालाचे नाव आणि ‘सियागंज, इंदौर’ घातले. मालाची माहिती फोटोत अडकली होती. चित्रातील अक्षरांवर यंत्राचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ती टाइप केली. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करून वेळ आणि फोन दिला. त्याला पैसे पडत नाहीत.

शब्द निवडताना माझे दोन भाषांचे ज्ञान कामी आले. मामांकडे तिपटूरचा माल येतो. तेथील व्यापारी त्याला ‘कोब्बरी’ म्हणतो, आपण खोबरे म्हणतो, माळव्यातला दुकानदार ‘खोपरा गोला’ म्हणतो आणि पुष्कळदा ते इंग्रजी अक्षरांत लिहितो. माल एकच, पण पानावर शब्द हवा तो विकणाऱ्याचा नव्हे, विकत घेणाऱ्याचा. हे मला या विषयाचे सार वाटते.

पैसे भरून वर येण्याची एक सरळ वाटही आहे, ती जाहिरातीची. गूगलने २००० साली ती सुरू केली. प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो. केवळ मोठ्या बोलीवर जागा मिळत नाही, जाहिरात प्रश्नाला कितपत धरून आहे हेही पाहतात. साधारणपणे कोणी जाहिरातीवर बोट ठेवले तरच पैसे लागतात. अशा जागेवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, आणि जाहिरात दिल्याने खालच्या क्रमवारीत बढती मिळत नाही. घाऊक किराण्यात नफा पैशापैशाने मोजतात. हिशेब मांडून मामांनी तो नाद सोडला.

त्याच मंडळीने पुढील वर्षासाठी बारा हजार मागितले, तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला, “कोणत्या शब्दांवर पहिले पान?” पलीकडून उत्तर आले नाही. मामांनी पैसे दिले नाहीत.

दिवाळीपूर्वी मामांचा फोन आला. देवासच्या एका मिठाईवाल्याने मोबाईलवर शोधून दुकान गाठले आणि दोन पोती खोबरे नेले. एका गिऱ्हाइकाने धंदा सावरत नाही, हे मामाही जाणतात. शिवाय २०२४ पासून गूगल भारतात शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तरच देऊ लागले आहे. पुष्कळांचे काम तेथेच भागते, ते पुढे कोणाचे पान उघडत नाहीत. तेव्हा आमची धडपड कितपत पुरी पडेल, कोण जाणे! पण ते दोन पोत्यांचे बिल मामांनी मला फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिले, “तुझ्या ‘द्या’ची पहिली वसुली.”

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुकान आहे, आणि कॉमर्स शिकणाऱ्या मुलाला घरचे सल्ला विचारतात. विषय कळत नसेल तर तसे सांगून आठ दिवस मागून घ्यावेत. मी तेवढे केले असते तर मामांचे अठरा हजार वाचले असते.