झिजलेल्या नाण्यांचा इतिहास

पणजीत २००८ सालापासून भरत आलेल्या डी. डी. कोसंबी विचार महोत्सवात शास्त्रज्ञ, इतिहासकार आणि समाजचिंतक सामान्य श्रोत्यांपुढे आपले विषय मांडत आले आहेत. ज्यांच्या नावाने हे व्यासपीठ उभे राहिले, ते दामोदर धर्मानंद कोसंबी गोमंतकात सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांनी नेमके काय केले, असे विचारल्यास मात्र उत्तर बहुधा ‘थोर गणिती आणि इतिहासकार’ यापुढे जात नाही. गणित आणि इतिहास यांची सांगड त्यांनी कशी घातली, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या तराजूपासून सुरुवात करावी लागते.

इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत उत्तर भारतात चांदीची आहत नाणी चालत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, त्यांचे वजन जुळवायचे आणि त्यांवर सूर्य, वृक्ष, प्राणी, टेकडी अशा चिन्हांचे ठसे उमटवायचे, अशी ती पद्धत. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना सन. ढिगांनी नाणी सापडूनही कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवणे कठीण होते. चिन्हांचे अर्थ लावण्यात विद्वानांनी पुष्कळ कल्पनाशक्ती खर्ची घातली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी चिन्हांच्या अर्थाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला आणि नाण्यांच्या वजनाकडे पाहिले.

नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते, हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते. एकट्या नाण्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. टांकसाळीतून बाहेर पडतानाच दोन नाण्यांच्या वजनात किंचित फरक असतो; पुढे एखादे नाणे पेटीत पडून राहते, तर दुसरे रोज बाजार हिंडते. परंतु एकाच वेळी पाडलेल्या पुष्कळ नाण्यांची सरासरी घेतली, तर ती काळाबरोबर क्रमाक्रमाने उतरत जाते आणि नाण्यानाण्यांतील वजनाची तफावत वाढत जाते. हा नुसता तर्क मांडून कोसंबी थांबले नाहीत. त्या काळी चलनात असलेली ब्रिटिश अमदानीतील नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तोलली. या नाण्यांवर सन छापलेला असल्यामुळे वय आणि झीज यांचा संबंध पडताळून पाहता आला. मग तोच नियम त्यांनी तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेल्या संचयांना लावला. नाण्यांच्या मागील बाजूस असलेले बारीक ठसे जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. नाणी चलनात असताना वेळोवेळी पारखली जात आणि त्या पारखणीच्या या खुणा असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचा या विषयावरील महत्त्वाचा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी लावलेला राजांचा क्रम पुढील नाणकशास्त्रज्ञांनी जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. पण तो नाकारण्यासाठीही आकडेच पुढे करावे लागतात, आणि कोसंबींनी या शाखेला दिलेली देणगी खरे तर हीच आहे. पांडित्याचा मान राखून निष्कर्ष मान्य करा, असे ते वाचकाला कधीच सांगत नाहीत. तराजू घ्या आणि स्वतः पाहा, असाच त्यांचा रोख असतो.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवतानाही त्यांची हीच रीत होती. चव्हाट्यावरच्या शेंदरी तांदळ्यांना, म्हसोबा-म्हातोबांना आणि नाना नावांच्या ‘आयां’ना कौल लावणाऱ्या लोकांशी ते बोलत, वाटेत सापडणारी गारगोटीची सूक्ष्म हत्यारे गोळा करीत आणि ही ठिकाणे नकाशावर मांडीत. तेव्हा दिसून आले, की पुष्कळ देवस्थाने आजच्या गावांपेक्षा गुराख्यामेंढपाळांच्या जुन्या वाटांशी अधिक जुळतात. कार्ले-भाज्यांसारखी लेणीही घाटमार्गांच्या जवळच आहेत. पंढरीच्या वारीमागेदेखील पावसाळ्याच्या तोंडाशी होणाऱ्या पशुपालकांच्या प्राचीन स्थलांतराची छाया असावी, असे त्यांनी सुचवले. वारकऱ्याला ही सूचना रुचो वा न रुचो, शोधाची सुरुवात ग्रंथातून न होता रस्त्यावरून झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

गोव्यातील वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे त्यांचे लेखन ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ सालच्या पुस्तकात आहे. जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवरील त्या प्रकरणाच्या शीर्षकातच त्यांनी इतिहासाला स्कंदपुराणासमोर उभे केले आहे. सह्याद्रिखंडातील कथा सांगते, की परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि त्या भूमीवर ब्राह्मणांची वस्ती केली. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतील खाजन जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला समुद्र हटवण्याचा दुसरा अर्थ सहज कळतो. चिखलमातीचे बांध घालायचे, मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे सांभाळायची आणि खारट पाणी भातशेतीत शिरू द्यायचे नाही, हे एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम नव्हे. बांध एका ठिकाणी फुटला, की सर्वांचेच पीक जाते. जमीन गावाच्या सामाईक मालकीची, तिची वहिवाट लिलावाने द्यायची, खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न गावकारांत वाटायचे, ही गावकरीची व्यवस्था अशा भूमीत स्वाभाविक ठरते. पोर्तुगीजांनीही ती मोडली नाही. १५२६ साली तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले आणि आपला महसूल तिच्याच मार्फत वसूल केला. आज कोमुनिदादच्या जमिनीचे वाद न्यायालयांत गाजतात, तेव्हा ही संस्था कोणत्या श्रमांतून उभी राहिली, याची आठवण क्वचितच निघते.

संख्याशास्त्रावरील विश्वासाने कोसंबींना एकदा दगाही दिला. गणितातील रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने सापडल्याचा दावा त्यांनी १९५९ साली केला, तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. नाण्यांच्या ढिगाऱ्यात सरासरी पुरेशी असते. शुद्ध गणितात एकही अपवाद चालत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नोकरी १९६२ साली संपली, त्यामागील कारणांत या प्रकरणाचीही गणना होते. अणुऊर्जेविषयीचे त्यांचे उघड मतभेद हेही एक कारण मानले जाते. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबमधील व्याख्यानात त्यांनी भारतासाठी सूर्यशक्तीचा पुरस्कार केला होता. श्रोते होते शहरातील व्यापारी आणि व्यावसायिक.

साखवाळात जन्मलेले त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांनी बौद्ध धर्माचे ज्ञान मराठीत आणले आणि ‘भगवान बुद्ध’सारखा ग्रंथ सर्वसामान्यांसाठी लिहिला. कोसबें गावी १९०७ साली जन्मलेल्या आणि हार्वर्डमध्ये शिकलेल्या मुलाचे बहुतेक लेखन मात्र इंग्रजीत झाले. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके मराठीत आली ती मुख्यतः अनुवादांतून. म्हसोबा, चव्हाटा, गावकार हे शब्द त्या अनुवादांत आपल्या मूळ घरी परतले.