करकरणारा खुबा

जांघेत दुखतं, ठणका मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतो आणि माणूस गुडघ्यालाच तेल चोळत राहतो. खुब्याच्या सांध्याची झीज अशी चकवते. पुढे मांडी घालून बसणं सुटतं, पायाची नखं कापायला दुसरं कोणी लागतं, कूस बदलली तरी झोपमोड होते. औषधं, व्यायाम, काठी, कशानेच भागेनासं झालं की सांधा बदलण्याचा विचार करावा लागतो.

हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. मधली गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. झिजलेला माथा आणि वाटी काढून कृत्रिम बसवायची, एवढंच तर करायचं. पण ते टिकावं म्हणून जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने जे सोसलं, ते वाचताना मन भरून येतं.

त्याच्याकडे ॲक्रिलिकचा माथा बसवलेला एक रुग्ण आला. हालचाल केली की त्याचा खुबा करकरे. चार्नलीने त्या आवाजातच दोष ओळखला: घर्षण जास्त, म्हणून माथा सैल होणार. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात त्याने पोलादाचा माथा जेमतेम 22 मिलिमीटरचा केला, वाटी टेफ्लॉनची घेतली आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवायला ॲक्रिलिकचं सिमेंट वापरलं. रुग्ण बिनदुखीचे चालू लागले. तीन-चार वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीने सांध्याभोवतीच्या पेशी बिघडल्या. सुमारे 300 रुग्णांना ती वाटी बसवलेली होती. त्यांच्या फेरशस्त्रक्रियांचा भार चार्नलीने स्वतः उचलला. टेफ्लॉनचे कण शरीरात काय करतात हे पाहायला त्याने ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले.

1962 साली मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं एक प्लॅस्टिक, पॉलिइथिलीन, विकायला एक विक्रेता आला. चार्नलीला त्यात राम वाटला नाही. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तरीही ते झिजवण्याच्या यंत्रावर चढवलं. दिवसांमागून दिवस गेले, झीज नावालाच. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्लॅस्टिकची पहिली वाटी माणसाच्या शरीरात बसली. आजच्या बहुतेक वाट्या त्याच कुळातल्या आहेत.

चार्नली रुग्णांकडून एक वचन मागत असे: मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठी परत द्यावा. अनेकांनी ते पाळलं.