खिरापतीचा डबा

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले तेव्हा आपल्याला झाडे लावायला पाठवतील अशी माझी समजूत होती. वाट्याला आली ती लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावरची बालवाडी. एक खोली, बावीस मुले, एक बाई आणि भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. तीन-चार वर्षांची पोरे पाटीवर 'अ' गिरवत होती. कुणी पेन्सिल मुठीत आवळलेली, कुणी ती सरळ चाखत होता. बाई म्हणाल्या, "पालक रोज विचारतात, आज काय लिहिलं? मी तरी काय करू?"

मॉन्टेसोरीबाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह काढले, हे मानसशास्त्राच्या तासाला ऐकले होते. मूल आधी हातांनी, कानांनी, नाकाने शिकते, अक्षर त्यानंतर. पण त्यांची ती सुबक साधने आम्हाला परवडणार कशी? उत्तर ग्रंथालयात सापडले. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मग वाटले, लालबागला काय कमी आहे? आपले पंचांगच खेळांनी भरलेले आहे!

आषाढात आम्ही गॅलरीत छत्री, थाळी आणि बादली मांडली. मुलांनी डोळे मिटायचे आणि पाऊस कशावर पडतो आहे ते सांगायचे. श्रावणात शेजारच्या मूर्तिकारांनी ओंजळभर शाडू दिला. माती मळताना बोटांत जोर येतो, चिमटीची पकड बसते. पेन्सिल धरायला लागते ती हीच पकड. एक मुलगी मात्र मातीला हात लावीना. ती बोलतही नसे. जुलैपासून तिचा आवाज आम्ही ऐकलेलाच नव्हता.

नवरात्रात भोंडला आला. भोंडल्यात खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचे असते, हे आपल्या आया-आज्यांना सांगायला नको. मॉन्टेसोरीबाईंच्या ध्वनिपेट्या म्हणजे तरी दुसरे काय? मी सारखे सहा डबे घेतले. चुरमुरे, शेंगदाणे, तांदूळ, रेवड्या, साखर असे भरले आणि झाकणे चिकटपट्टीने बंद केली. सहाव्यात मुद्दाम कापूस ठेवला. तो हलवताच "लाडू!", "पेढा!" असा एकच गिल्ला झाला. कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "वाजतच नाही." बोलली होती ती मुलगी. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पुढे 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकायचा तोही याच कानांनी ना?

दिवाळीत किल्ल्यावर अळीव पेरले. दोन-तीन दिवसांत कोंब आले, आणि त्यावरून हात फिरवायला रांग लागली.

थंडीत एक आजोबा तक्रार घेऊन आले, नातवाला अजून 'क' येत नाही म्हणून. ते १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात होते. मी त्यांच्या हातात गोधडीची चिंधी दिली. ती दोन बोटांत चोळून त्यांनी न बघताच कापड सांगितले. दुसऱ्या दिवशी ते मलमल, मांजरपाट आणि टेरिकॉटचे तुकडे घेऊन आले आणि मुलांचे डोळे रुमालाने बांधून स्वतःच शिकवायला बसले. 'क'चा विषय पुन्हा निघाला नाही.

सारे काही सुरळीत झाले असे मात्र नाही. संक्रांतीनंतर बोरन्हाण केले. बोरे, उसाचे करवे, ओले हरभरे आणि हलवा मुलांच्या डोक्यावरून ओतला. मुले खूश. तेवढ्यात एकाने हरभरा नाकात घातला. डॉक्टरांनी तो काढला खरा, पण तासभर माझे पाय कापत होते. चूक माझीच होती. तेव्हापासून लहानग्यांच्या हाती सुटे दाणे द्यायचे नाहीत असा नियम केला. थोरल्यांना मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे.

आता वैशाखासाठी वाळा आणि मोगरा आणून ठेवला आहे. डबे बाईंच्या कपाटात आहेत. कापसाच्या डब्याची पट्टी मात्र कुणीतरी सोडवून पाहिलेली दिसते.