एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत टी.व्ही.ला जोडायचा खेळाचा एक डबा असे. त्यात 'कॅसेट' खोचायची आणि खेळ सुरू करायचा. तुमच्या आईवडिलांना विचारून पाहा! यांतले बरेचसे डबे म्हणजे जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होत्या. कॅसेट हे नावही फसवेच, कारण तिच्यात फीत नव्हती. होती स्मृतीची चिप. या चिपमधील आकडे उतरवून घेऊन त्यांची फाईल करता येते. मग ती फाईल आपल्या संगणकावर थेट का चालू नये?

अडचण आहे ती भाषेची. फॅमिकॉममधील प्रक्रियक ६५०२ या जातीचा. त्याला १६९ आणि त्यापाठोपाठ ५ हे आकडे मिळाले, की तो '५ हा आकडा संचायकात ठेव' असा अर्थ घेतो. तुमच्या संगणकाचा प्रक्रियक याच आकड्यांचा अर्थ निराळाच लावील. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तो म्हणजे एम्युलेटर. तो खेळाच्या फाईलमधील एकेक आज्ञा वाचतो, ६५०२ने तिचे काय केले असते ते ठरवतो आणि तेवढेच करतो. खरा संचायक नसतोच. त्याच्या जागी आज्ञावलीतील एक साधे चल असते.

ही युक्ती खेळांसाठी निघालेली नाही. आय.बी.एम.ने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांच्या जुन्या १४०१ संगणकावरील आज्ञावल्या वाया जाऊ नयेत म्हणून तिच्यात एम्युलेशनची सोय ठेवली होती.

दुभाष्याला अर्थ कळून भागत नाही, ठेकाही सांभाळावा लागतो. फॅमिकॉमचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके घेतो आणि पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला ३० हजारांहून थोडे कमी ठोके येतात. गंमत अशी, की प्रक्रियकाच्या एका ठोक्यात चित्र काढणारी चिप तीन ठिपके पुढे सरकते. हा हिशोब चुकला, तर काही खेळांत चित्राचा वरचा भाग थरथरू लागतो.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. विंडोज संगणकावर 'प्लेनाइट' नावाचा मोफत लाँचर मिळतो. निरनिराळे खेळ तो एका यादीत मांडतो, जणू ग्रंथालयातील तालिकाच! 'रेट्रोआर्क' हा एम्युलेटरही मोफत आहे. मात्र त्यात प्रत्येक यंत्रासाठी वेगळा 'कोअर', म्हणजे गाभा, उतरवून घ्यावा लागतो. फॅमिकॉमसाठी 'नेस्टोपिया' घ्या.

खेळ कोणता घ्यायचा? एम्युलेटर वापरणे गुन्हा नाही. पण व्यापारी खेळांवर स्वामित्वहक्क असतो, आणि खेळ जुना झाला म्हणून तो संपत नाही. तेव्हा हौशी प्रोग्रामरांनी फॅमिकॉमसाठी नव्याने लिहून मोफत दिलेला खेळ निवडा. 'नोव्हा द स्क्विरल' हा असाच एक.

प्लेनाइटला खेळ चालवता येत नाही, हे नीट लक्षात घ्या. तो फक्त निरोप्या आहे. त्याच्या एम्युलेटरविषयक मांडणीत नवा एम्युलेटर जोडून रेट्रोआर्कचे फोल्डर दाखवा. मग स्वतःचे प्रोफाइल तयार करून त्यात रेट्रोआर्कची मुख्य फाईल निवडा आणि 'आर्ग्युमेंट्स'च्या चौकटीत निरोप लिहा. निरोपाचे दोन भाग असतात. पहिल्यात उणे चिन्ह, त्याला लागून इंग्रजी मोठे एल हे अक्षर आणि पुढे गाभ्याच्या फाईलचा पत्ता. दुसऱ्यात महिरपी कंसात 'इमेजपाथ' हा शब्द, इंग्रजीत आणि जोडून लिहिलेला. खेळ सुरू करताना प्लेनाइट या शब्दाच्या जागी निवडलेल्या खेळाचा पत्ता घालतो. त्यामुळे शंभर खेळांना एकच निरोप पुरतो.

शेवटी खेळाच्या फोल्डरचा शोध घ्यायला लावा. खेळ यादीत येईल.

न चालल्यास? सगळे एकदम बदलू नका. प्रथम रेट्रोआर्क उघडून त्यातूनच खेळ चालवून पाहा. चालला, तर गाभा आणि फाईल दोन्ही ठीक. दोष निरोपात आहे. बहुधा तो अवतरणचिन्हांचा असतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर संगणक तिथेच पत्ता संपला असे मानतो आणि उरलेला तुकडा वेगळा निरोप समजतो. म्हणून दोन्ही पत्ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचे. खात्री करायची असेल, तर चालता खेळ नावात मोकळी जागा असलेल्या फोल्डरमध्ये हलवून त्याचा नवा पत्ता प्लेनाइटला द्या आणि अवतरणचिन्हे काढून टाका. काय होते ते वहीत टिपून ठेवा, मग चिन्हे पुन्हा घाला.