आधी टाच, मग वजन

आज स्क्वॉटबद्दल बोलू. म्हणजे आपली बैठकच, पण एक मोठा फरक आहे. तालमीतली बैठक मारताना खाली जाताजाता टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो. खांद्यावर वजन घेऊन स्क्वॉट करताना मात्र टाचा शेवटपर्यंत जमिनीवर हव्यात.

हा फरक मला महागात पडला. निवृत्तीला चार वर्षं झाली होती, वय ५८. फौजेत आयुष्य गेलं, आपल्याला काय अवघड, असं म्हणून जिममध्ये पहिल्याच आठवड्यात ८० किलो खांद्यावर घेतलं. खाली गेलो, टाचा उचलल्या, पाठ वाकली आणि कंबरेत उसण भरली. पुढे महिनाभरानं घरच्या पूजेत पाटावरून उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. जवानांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, आधी नीट उभं राहायला शिका, रायफल नंतर. स्वतःच्या वेळी तेच विसरलो.

मग खुर्चीपासून सुरुवात केली. तुम्हीही तशीच करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्यांइतके फाकवा, चवडे किंचित बाहेर वळवा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, हे तीनही बिंदू जमिनीवर दाबा. श्वास घ्या, पोट घट्ट करा. कंबर मागे आणि गुडघे पुढे, दोन्ही एकाच वेळी वाकवा. गुडघे चवड्यांच्या दिशेनंच जाऊ द्या, आत कलू देऊ नका. खुर्चीला हलकेच टेका, अंग सोडून बसू नका. उठताना जमीन पायांनी ढकला आणि श्वास सोडा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास अजिबात कोंडू नये.

‘गुडघा चवड्याच्या पुढे जाता कामा नये,’ असं बरेच जण सांगतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्यापुढे फळी लावून हे तपासलं होतं. गुडघ्यावरचा ताण थोडा कमी झाला, पण शरीर पुढे झुकल्यामुळे खुब्यावरचा ताण कितीतरी पट वाढला. म्हणून टाच टेकलेली असेल, तर गुडघा थोडा पुढे गेला तरी घाबरू नका.

८-८ च्या ३ फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. सहज जमू लागलं की खुर्ची काढा. मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जा, पण जिथे टाच उचलते किंवा कंबर गोल होते, तिथे थांबा. आज तुमची खोली तेवढीच. मग छातीशी ५ किलोचा डंबेल धरा. जिममधला मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, त्याची घाई नको. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आज मी ६० किलो घेतो, म्हणजे त्या दिवसापेक्षा २० कमी. पण यंदाच्या पूजेत पाटावरून उठलो, तेव्हा दोन्ही हातांत प्रसादाचं ताट होतं. वाढत्या वयात दंडाच्या मापापेक्षा हे मोलाचं, कारण स्वतःचं स्वतः उठता येतं तोवर माणूस कुणावर अवलंबून नसतो. चला, खुर्ची ओढा. जय हिंद!