सव्वीस जानेवारीची सुट्टी कोणाची?

मुंबईत 26 जानेवारी उजाडला की चाळीचाळींतून भोंगे लागतात. सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायणाची महापूजा आणि रात्री हळदीकुंकू नाहीतर ऑर्केस्ट्रा, हा ठरलेला कार्यक्रम. ज्या दिवशी 1950 साली संविधान अंमलात आले, त्याच दिवशी प्रसाद न घेता निघालेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका कशी बुडाली, हे माईकवरून सांगितले जाते. इतरांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न, तेवढे स्वातंत्र्य संविधानानेच त्यांना दिले आहे. पण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली आमचीच मुले त्या मंडपाचे बांबू बांधतात, आमच्याच घरांतून पूजेची वर्गणी जाते, त्याचे काय? 14 एप्रिल आमचा, 6 डिसेंबर आमचा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आमचा. मग 26 जानेवारी आम्ही कोणाला आंदण दिला?

चेंबूरच्या आमच्या वस्तीत 2024 साली यावरून चांगलीच वादावादी झाली. पोरांचे म्हणणे, 'वर्षानुवर्षे चालत आलंय, उगाच आपण वाईट ठरू.' निर्णय दिला तो आमच्या माता-भगिनींनी. पूजेची वर्गणी बंद, त्या पैशांत मुलाबाळांसह बाबासाहेबांची मुंबई पाहायची! लहानमोठे मिळून आम्ही अडतीस जण पुरीभाजीचे डबे घेऊन निघालो.

हार्बरच्या गाडीने सीएसएमटी गाठली आणि तिथून पायी फोर्टातल्या सिद्धार्थ महाविद्यालयापाशी आलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने बाबासाहेबांनी 1946 साली ते सुरू केले. सुट्टीमुळे दार बंद होते. पण आमच्यातले एक काका इथेच शिकून बँकेत लागले आणि त्यांच्या घरातला पिढीजात झाडू सुटला. त्यांनी फुटपाथवर उभे राहून वर्ग कुठे भरत, ते बोट दाखवून सांगितले. मुलांनी ते जेवढे कान देऊन ऐकले, तेवढे आमच्या जयंतीच्या भाषणांना कधी ऐकत नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवतो.

पुढे काळा घोडा. ज्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव शिकले त्याची दगडी इमारत पाहून ओव्हल मैदानाच्या टोकाला गेलो. तिथे चौकात हातात संविधान घेतलेला बाबासाहेबांचा पुतळा आहे. मैदानापलीकडे हायकोर्ट, जिथे 1923 पासून त्यांनी वकिली केली. आमच्या तीन ताया वीस वर्षांपासून याच भागातल्या ऑफिसांत झाडलोट करतात. पहाटे यायचे, साहेबलोक यायच्या आत लाद्या पुसून परतायचे. पुतळा त्यांना रोज बसच्या खिडकीतून दिसतो. त्याच्यासमोर निवांत उभे राहायला मात्र त्यांना वीस वर्षांत सवड मिळाली नव्हती. त्या दिवशी त्या चांगल्या अर्धा तास उभ्या राहिल्या. मुलांनी आळीपाळीने उद्देशिका वाचली. बंदोबस्तावरचा हवालदार 'परवानगी आहे का?' म्हणत आला आणि मुलांच्या हातातले पुस्तक पाहून मागे सरला.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब 1912 ते 1934 राहिले. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. जिना चढताना एक मुलगी म्हणाली, 'आपल्या घरापेक्षा मोठी नाही ही खोली.' राजगृह आणि मग चैत्यभूमी होईतो उन्हे कलली. सकाळी शिवाजी पार्कवर शासकीय संचलन होऊन गेले होते. तिथून चैत्यभूमी चालत काही मिनिटांवर. पण 6 डिसेंबरला जिथे मुंगी शिरायला जागा नसते, तिथे आमचे अभिवादन पाच मिनिटांत झाले. संविधानाचा सोहळा त्याच्या शिल्पकाराच्या दारावरून असा परस्पर निघून जातो, आणि त्यात शासनाइतकाच दोष आमचाही आहे.

चौपाटीच्या वाळूत डबे सोडले तेव्हा तिघांची उणीव जाणवली. वस्तीतली तीन मुले एका मोठ्या दुकानात कामाला होती. मालकाने सुट्टी दिली नव्हती, 'आज गिऱ्हाईक जास्त' म्हणून. तिथेच काकांनी विषय काढला. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी कायद्याची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत, 1945 साली झाली. आम्ही मिरवणुकीत 'घटनेचे शिल्पकार' म्हणून घसा फोडतो, पण आपल्या रजेचा हिशेब कोणी मागतो का? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार दिवसांची पगारी सुट्टी नावानिशी लिहिली आहे. त्या दिवशी कामावर ठेवले तर दुप्पट वेतन द्यावे लागते. 2024 साली दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हे लागू होते आणि आमच्या मुलांच्या दुकानात चौदा जण होते.

त्या रविवारी विहारात तिघांना बसवून कायद्याचे ते कलम वाचून दाखवले, अर्ज लिहून दिला. मालक आधी हसला, मग कागद ठेवून घेतला. 1 मे 2024 ला दोघे कामावर गेले, दोघांना दुप्पट रोज मिळाला. तिसऱ्याला एप्रिलमध्येच 'उद्यापासून येऊ नको' असे सांगितले होते. त्याची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखल केली. तारखेला त्याच्यासोबत वस्तीतले दोघे जायचे, खाडा करून. त्यांच्या बुडालेल्या रोजाचे पैसे आम्ही पूजेच्या वर्गणीतून वाचलेल्या रकमेतून दिले.