घरचा आवाज : भाग ९ – लाइट आली, आवाज आला नाही

लिप-सिंकवर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण मंगळवारी इंदिरापुरमहून एका वाचकांचा फोन आला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

"तुम्ही सांगितलेलं पीसीएम सेटिंग करून झालं, तारही बदलून झाली. एरवी सगळं छान चालतं हो. पण लाइट जाऊन जनरेटर आला की साउंडबार मुका. आवाज टीव्हीच्याच पोटातून येतो. मग आईला काही ऐकू येत नाही."

नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मे-जूनमध्ये लाइट जाते, काही सेकंद अंधार, मग खाली जनरेटर धडधडतो. पंखा फिरू लागला की आपण विसरतो. टीव्ही, साउंडबार आणि स्ट्रीमिंग बॉक्स या तीन यंत्रांची मात्र तेवढ्यात ताटातूट झालेली असते, आणि त्यांना पुन्हा एकमेकांना शोधावं लागतं.

ते कसं शोधतात, हा माझा फार आवडता विषय. एचडीएमआयच्या प्लगमध्ये 19 पिना असतात. बहुतेक चित्राच्या कामात गुंतलेल्या. टीव्हीकडून साउंडबारकडे उलटा जाणारा आवाज, म्हणजे आपला आर्क, 14 नंबरच्या पिनेवरून जातो. पण तो सोडायचा की नाही, हे ठरतं शेजारच्या 13 नंबरवर. ती सीईसीची तार. सॅमसंगच्या मेनूत तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

ही तार किती संथ असावी? एका बिटाला 2.4 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम चारशे बिट. त्याच केबलमधून चित्राचे अब्जावधी बिट धावत असतात आणि ही बिचारी बैलगाडीच्या चालीने निरोप पोचवते. शिवाय तार एकच, सगळ्यांची मिळून. एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. टीव्हीचा पत्ता कायम 0, ऑडिओ यंत्राचा 5, पहिल्या स्ट्रीमिंग बॉक्सचा 4. साउंडबार 0 ला सांगतो, "आर्क सुरू कर." टीव्ही उत्तर देतो, "केला." एवढं झालं की टीव्ही स्वतःचे स्पीकर बंद करून आवाज बारकडे वळवतो. टीव्हीलाही आपणहून बारकडे ही मागणी करता येते. 2009 साली एचडीएमआय 1.4 सोबत आर्क आला तेव्हापासून हेच चाललंय. 2017 च्या 2.1 मधला ईआर्क या बोलण्यासाठी सीईसीवर विसंबत नाही, पण त्यासाठी टीव्ही आणि बार दोन्ही ईआर्कवाले लागतात. इंदिरापुरमचा टीव्ही साधा आर्कवाला.

रविवारी वैशालीपर्यंत मेट्रोने गेलो, पुढे रिक्षा. वाचकांच्या आई, म्हणजे आजी, खुर्चीत वाट बघत बसल्या होत्या, त्यांचं नाटक अर्ध्यावर राहिलं होतं. मी आधी टीव्हीच्या मागे वाकलो. सेटिंगमध्ये शिरण्याआधी प्लग बघावेत, या मताचा मी आहे.

टीव्हीचा प्लग भिंतीवरच्या स्टॅबिलायझरमध्ये होता. साउंडबार आणि बॉक्स मात्र दुसऱ्या पॉइंटवरच्या एक्स्टेंशन बोर्डवर, थेट.

वाचकांना म्हटलं, "एमसीबी पाडा, पंधरा मोजा आणि परत चढवा." त्यांनी तसं केलं. बारचा दिवा लगेच लागला, पाठोपाठ बॉक्सचा. स्टॅबिलायझरचा पिवळा दिवा तसाच जळत राहिला. लाइट आल्यावर व्होल्टेज स्थिरावेपर्यंत थोडं थांबून मगच पुढे सोडायची, यासाठीच त्याच्यात टाइम डिले असतो. अर्ध्या मिनिटाने टक् असा आवाज झाला. त्यानंतर टीव्हीला वीज मिळाली, मग कंपनीचा लोगो, मग गोल गोल फिरणारं चक्र. त्यांचा बार सुरू झाल्या झाल्या 0 ला हाक मारून मोकळा होतो आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारत नाही. हाक मारली तेव्हा 0 नंबरच्या घरात अंधार होता. सगळेच बार असे नसतात, काही चिवटपणे विचारत राहतात, पण हा तसा नाही.

यंत्रांच्या पाठीवरचे वॉट वाचून बेरीज केली. स्टॅबिलायझरच्या क्षमतेत ती आरामात बसत होती. मग एक्स्टेंशन बोर्डच स्टॅबिलायझरच्या आउटपुटवर घेतला. तुमच्याकडे बेरीज बसत नसेल तर हा प्रयोग करू नका.

पुन्हा एमसीबी. आता टक् झाल्यावर तिघंही एकदम जागे झाले. बार टीव्हीच्या आधी उठलाच, पण थोडाच आधी, आणि या वेळी त्याने हाक मारली तेव्हा 0 नंबरच्या घरात वीज होती. चक्र फिरून संपलं, पडद्याच्या कोपऱ्यात बारचं नाव आलं आणि नाटकाचा आवाज खालच्या बारमधून भरून आला. आजींनी हात वर करून थांबवलं, "आता कुणी काही करू नका रे." तरी मी आणखी दोनदा एमसीबी पाडून खात्री करून घेतली.

ज्यांच्याकडे स्टॅबिलायझर नाही आणि तरी बार मुका होतो, त्यांनी तिन्ही प्लग भिंतीतून काढून दोन-तीन मिनिटं थांबावं. रिमोटने बंद करून भागत नाही, यंत्रं पेंगत असतानाही सीईसीला कान देऊन असतात. मग टीव्ही लावून होम स्क्रीन येऊ द्यावा, त्यानंतर बार, शेवटी बॉक्स. तेवढ्यानेही जमलं नाही तर बॉक्सच्या सेटिंगमधलं सीईसी बंद करून बघा. बॉक्सच्या रिमोटने टीव्ही चालू होणं थांबेल, पण त्या एकाच तारेवरची गर्दी कमी होईल. आणि लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून महागडी केबल आणायची घाई नको. लाइट जाईपर्यंत आर्क नीट चालत असेल, तर दोष बहुधा तारेचा नसतो.

लिप-सिंक पुढच्या आठवड्यात नक्की. त्याच्या तयारीसाठी घरातल्या कुणाला तरी टाळ्या वाजवायला सांगून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. हात पूर्ण दिसले पाहिजेत.